सर्व्हरला लावलेला तापाचा तक्ता

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर एरवी लिफ्टवालासुद्धा थांबायला कुरकुरतो. पण त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. सर्व्हरची खोली ती केवढी, दोन पलंग टाकले तर दार लागायचं नाही एवढी. तिच्यात आणि बाहेरच्या बोळात मिळून चाळीसएक माणसं दाटीवाटीने उभी होती. एक्स-रेवाले होते, औषधांच्या काउंटरवरचे होते, धुलाई विभागातल्या बायका होत्या, आणि पायाला प्लास्टर घातलेला एक पेशंट तर कुबड्या टेकत वॉर्डातून वर आला होता. खाली ओपीडीत लोक खोकत बसले होते, पण त्यांच्याकडे बघायला खाली कुणी उरलंच नव्हतं.

सगळ्यांच्या नजरा ज्यांच्यावर खिळल्या होत्या ते होते कंपनगुरू. अंगात पांढरा लांब कोट, गळ्यात तांब्याची साखळी, हातात तांब्याची वाटी. माणसांचं दुखणं बघणारे बाबा गल्लोगल्ली मिळतात, हे यंत्रांचं दुखणं बघत. एका गिरणीतले बंद पडलेले माग म्हणे त्यांनी नुसत्या नजरेने सुरू केले होते. गिरणी कुठली असं कुणी विचारलं की ते डोळे मिटून घेत, आणि विचारणाराच ओशाळा होई.

"दाबा," कंपनगुरू म्हणाले.

हॉस्पिटलचे मालक, मोठे डॉक्टर, पुढे झाले. त्यांनी सर्व्हरच्या तपासणीची कळ दाबली. पडद्यावर तापमानाचे आकडे आले आणि त्यांच्याखाली एक लालभडक ओळ उमटली: हार्डवेअर एरर, नेटवर्क कार्ड. गर्दीतून हळहळ उठली. ज्या कार्डातून रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या सगळं हॉस्पिटलभर जातं, त्या कार्डाची ही दशा.

"रडतंय ते," गुरू म्हणाले. "याच्या लहरी उलट्या फिरल्या आहेत. कंपन तुटलं की यंत्र ओरडतं, माणूस तुटला की गप्प बसतो."

या वाक्याचा अर्थ कुणालाच कळला नाही, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. मग गुरूंनी पिशवीतून मरून रंगाचं मखमली कापड काढलं आणि सर्व्हरवर पांघरलं. त्याचं एक टोक लांबवून त्यांनी कीबोर्डही झाकला. पडदा तेवढा उघडा ठेवला. वर वाटी ठेवून त्यांनी फर्मावलं की आता अर्धा तास कुणी हलायचं नाही, कुणी कशाला शिवायचं नाही, फक्त पडद्याकडे बघायचं. एवढे दिवस दर अर्ध्या तासाला न चुकता एक लाल ओळ येत होती. त्या अर्ध्या तासात एकही आली नाही. एकतिसाव्या मिनिटाला कुणीतरी टाळी वाजवली आणि मग बोळभर टाळ्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

टाळी वाजवली नाही ती एकीने. तिला सगळे वायरताई म्हणत. अकरा वर्षं हा सर्व्हर, या वायरी आणि या खोलीची किल्ली तिच्याकडे होती. टाळी न वाजवण्यामागे काही फार मोठं शहाणपण नव्हतं. एक तर सकाळपासून तिला चहा मिळाला नव्हता, आणि दुसरं म्हणजे टाळ्या थांबल्यावर गुरू काय बोलणार याचा तिला वास आला होता.

"याला एका हाताचा दाह आहे," ते बोललेच. "रोज शिवणारा हात. तो हात लांब ठेवा. सोमवारपर्यंत खोली बंद, कापड असंच राहू द्या. चार दिवसांत एकही ओळ उमटली नाही, तर समजा."

चाळीस माणसांनी वायरताईच्या हाताकडे बघितलं. तिने तो नकळत पदराखाली घेतला आणि मग स्वतःचाच राग येऊन पुन्हा बाहेर काढला. मोठ्या डॉक्टरांनी तिथेच सांगून टाकलं की सोमवारी ओळ नसेल, तर ताईंनी किल्ली द्यावी आणि चादरींच्या कोठारात रुजू व्हावं. तिथेही माणूस हवाच आहे, असं त्यांनी वर समजुतीनं सांगितलं.

आता हे प्रकरण सुरू कसं झालं ते सांगितलं पाहिजे. दोन महिन्यांपूर्वी फरशी पुसताना पोछ्याच्या दांड्याने एक वायर निघाली आणि अर्धा तास रिपोर्ट अडकले. ताईने वायर लावली, काम संपलं. पण त्याच दिवशी सर्व्हरमध्ये एक नवा प्रोग्राम बसला होता, आणि संध्याकाळी कुणीतरी तपासणीची कळ दाबली तर लाल ओळ दिसली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. दुपारी रिपोर्ट अडकले, संध्याकाळी हार्डवेअर एरर, म्हणजे सर्व्हर आजारी, असं निदान झालं.

दुसरीकडे कुठे असं झालं असतं तर लोकांनी मेकॅनिक बोलावला असता. पण हे पडलं हॉस्पिटल. मोठ्या डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात ताप मोजल्याशिवाय कुणाला गोळी दिली नव्हती. त्यांनी सर्व्हरचा केसपेपर काढला. खोलीच्या दाराला क्लिपबोर्डवर तापाचा तक्ता लटकला. दर चार तासांनी नर्सने वर जायचं, कळ दाबायची, तापमान लिहायचं, लाल ओळ आली तर 'एरर १' असं लिहायचं आणि सही करायची. पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा ओळी आल्या. दुखणं गंभीर दिसतंय म्हणून दर तासाला मोजायचं ठरलं. ओळी झाल्या चोवीस. चौपट वाढल्या म्हटल्यावर डॉक्टरांची झोप उडाली आणि अर्ध्या तासाचा हुकूम निघाला. ओळी अठ्ठेचाळीस. एवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही त्या आकड्यांकडे बघून हसू आलं नाही. ताईलाही नाही, कारण तोवर तिचीही घाबरगुंडी उडाली होती. तिने वायर बदलली, शेवटी कार्डसुद्धा बदलून त्याच बनावटीचं कोरं करकरीत बसवलं. ओळ होती तशीच. याच सुमाराला औषधांच्या काउंटरवरून कंपनगुरूंचं नाव आलं.

"कार्ड बदलून कर्म बदलत नाही," असं गुरूंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेही डॉक्टरांना पटलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी ताई घरी आली ती तोंड पाडूनच. सासूबाई भाजी निवडत होत्या आणि सासरे वर्तमानपत्र वाचत होते. चादरींच्या कोठाराचं ऐकल्यावर सासऱ्यांनी कंपनगुरूंना दोन सणसणीत शिव्या हासडल्या. सासूबाईंनी तसं काही केलं नाही. त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर काढली होती, आणि तक्रार पूर्ण ऐकल्याशिवाय बोलायचं नाही ही तिथली सवय अजून सुटली नव्हती.

"ती लाल ओळ आपणहून येते, का कुणी काही विचारल्यावर येते?" त्यांनी विचारलं.

ताई म्हणाली, कळ दाबल्यावर दिसते.

"दिसते का येते ते बघ. आमच्या बोर्डावर नसलेला नंबर कुणी मागितला की लाल दिवा लागायचा. नवीन पोरी धावत यायच्या, बोर्ड जळाला म्हणून. बोर्डाला काय धाड भरली होती? कुणीतरी नसलेलं मागितलं होतं, एवढंच. आता यांना," त्यांनी सासऱ्यांच्या गुळगुळीत डोक्याकडे सुरी दाखवली, "दर अर्ध्या तासाला कंगवा कुठाय म्हणून विचारलं, तर हे ओरडणारच. म्हणून काय यांना दवाखान्यात न्यायचं?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. शेजारी भाजी निवडायला बसलेल्या ताईचा हात मात्र ताटातच थांबला.

शुक्रवारी तिने दारावरचा तक्ता काढून घेतला. सर्व्हर स्वतःही प्रत्येक ओळ वेळेसकट लिहून ठेवतो. ती यादी तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून बघता येई, तिला खोलीत शिरायची गरजच नव्हती. तिने तक्ता आणि यादी शेजारी शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. तक्त्यावर दहा वाजून दोन मिनिटांनी सही, यादीत दहा वाजून दोन मिनिटांनी ओळ. साडेदहाला सही, साडेदहाला ओळ. कळ दाबल्याशिवाय आलेली एकही ओळ दोन महिन्यांत नव्हती.

मग तिने प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीची सूचनापत्रं शोधून वाचली. सतराव्या पानावर चार ओळींत सगळं लिहिलं होतं. या कार्डात तापमापकच बसवलेला नाही. नव्या तपासणीत प्रत्येक भागाला तापमान विचारलं जातं, तेव्हा हे कार्ड 'माझ्याकडे ती सोय नाही' एवढंच कळवतं. कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम दुभाष्याचं काम करतो, तो हा साधा नकार चुकून 'हार्डवेअर एरर' म्हणून छापत होता. कार्डाला काही धोका नाही, नव्या ड्रायव्हरमध्ये ही चूक सुधारली आहे. दोन महिने सगळं हॉस्पिटल ज्याच्या उशाशी बसलं होतं, ते दुखणं दुभाष्याच्या जिभेला झालं होतं. ताई खुर्चीत मागे टेकून एकटीच हसली. मग जरा रडलीही, कारण पहिल्याच दिवशी हे पान वाचायला कुणी तिचे हात बांधले नव्हते.

तक्ता ताडताना आणखी एक गोष्ट सापडली होती. रोज दुपारी दोन ते चार या वेळात तक्त्यावर चार नोंदी होत्या, प्रत्येकीपुढे 'एरर १' आणि सही. सर्व्हरच्या यादीत मात्र त्या वेळेला काहीच नव्हतं. सही मोठ्या सिस्टरची होती.

ताईने त्यांना जिन्यात गाठलं. मोठ्या सिस्टर कठड्याला धरून, एकेका पायरीला कण्हत उतरत होत्या. तक्ता बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"गुडघे गं माझे," त्या म्हणाल्या. "दुपारी लिफ्ट पेशंटसाठी ठेवतात. चारदा तिसरा मजला चढायचा कसा? सगळ्यांना एरर येतच होता, म्हणून लिफ्टवाल्याकडून तक्ता खाली मागवून बसल्या जागी तेच लिहिलं. अठ्ठावीस वर्षांत पेशंटचा तक्ता कधी खोटा भरला नाही मी. हे आपलं यंत्र म्हणून..."

ताईने त्यांना सांगितलं की तुमच्या या न चढण्यानेच सगळं सिद्ध होतंय. रोज दोन तास कापड नव्हतं, वाटी नव्हती, तरी यंत्र शांत होतं, कारण त्याला कुणी काही विचारलंच नाही. फक्त हे सोमवारी सगळ्यांसमोर सांगायला हवं.

"साहेबांसमोर? सात महिने राहिलेत माझे," एवढंच बोलून मोठ्या सिस्टर खाली निघून गेल्या. ताईने मनाशी ठरवलं की त्यांचं नाव आपण होऊन घ्यायचं नाही. ठरवायला सोपं होतं, शनिवार आणि रविवार काढायला जड गेलं.

सोमवारी गर्दी दुप्पट होती. प्लास्टरवाला पेशंट या खेपेला शेजारच्या खाटेवरच्यालाही घेऊन आला होता. ताईने कुलूप काढून दिलं आणि कंपनगुरूंनी दार उघडलं. पडद्यावर चार दिवसांत नेटवर्क कार्डाची एकही लाल ओळ नव्हती. टाळ्या झाल्या.

"हात दूर, ताप दूर," गुरू म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनी ताईपुढे तळहात पसरला. तिने कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"एकच विचारते, साहेब," ती म्हणाली. "पेशंटला घरी सोडताना तुम्ही शेवटचा ताप बघता ना?"

हा घाव नेमका वर्मी बसला. बघतो म्हणजे काय, बघायलाच हवा, असं पुटपुटत डॉक्टर कीबोर्डकडे वळले. गुरूंनी घाईने हात आडवा घातला, लहरी अजून ओल्या आहेत म्हणाले. पण ताप मोजायला निघालेल्या डॉक्टरला अडवणारा माणूस अजून जन्मायचा होता. त्यांनी मखमल बाजूला सारून कळ दाबली. लाल ओळ उमटली.

गुरू म्हणाले, तिची सावली पडली. ताई बोळाच्या टोकाला गेली आणि शाळेत शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डॉक्टरांनी पुन्हा कळ दाबली. पुन्हा ओळ. मग डॉक्टरांनीच गुरूंना वाटी ठेवायला सांगितली, वरून हातही ठेवायला लावला, आणि कळ दाबली. ओळ आली.

ताई परत खोलीत आली. "गुरुवारी अर्धा तास आपण सगळे इथे उभे होतो," ती म्हणाली. "त्या अर्ध्या तासात कळ कुणी दाबली होती?"

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. ज्या नर्सची त्या वेळची पाळी होती ती पहिल्याच रांगेत हात जोडून उभी होती, हे आता तिलाही आठवलं.

"कुणी दाबलीच नाही. मग ओळ येणार कुठून? कळ दाबली की येते, नाही दाबली की येत नाही. कापड घाला नाहीतर वॉचमनची टोपी घाला." मग तिने कार्डाचं, तापमापकाचं आणि दुभाष्याचं सगळं सांगितलं. डॉक्टर भुवया आवळून ऐकत होते.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण कापडाने फरक पडत नाही हे कशावरून? कापडाशिवाय यंत्र शांत राहिलंय असा एक तरी दिवस दाखवा."

"रोज राहिलंय. दुपारी दोन ते चार."

"खोटं आहे. तक्त्यावर चार नोंदी आहेत, खाली सही आहे."

सिस्टरचं नाव घ्यायचं नाही असं ताईने ठरवलं होतं. सर्व्हरची यादी दाखवली असती तर आजारी यंत्राचा काय भरवसा म्हणून डॉक्टरांनी ती झटकली असती, आणि किल्ली अजून त्यांच्या मुठीत होती. कंपनगुरूंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू फुटायला लागलं.

"सही माझी आहे आणि नोंदी खोट्या आहेत," मागून आवाज आला. मोठ्या सिस्टर भिंतीचा आधार घेत पुढे आल्या. आज त्या तिन्ही मजले चढून आल्या होत्या आणि त्यांना धाप लागली होती. "मी दुपारी कधी वर आलेच नाही, साहेब. खाली बसून लिहिलं. कळ दाबली नाही, म्हणून यंत्र ओरडलं नाही. काय शिक्षा करायची ती करा. पण हिला चादरी मोजायला लावू नका. आणि कळलं नसेल तर सोपं करून सांगते. तुम्हाला दर अर्ध्या तासाला कुणी कंगवा मागितला, तर तुम्ही काय कराल?"

ही उपमा ताईनेच जिन्याजवळ त्यांना ऐकवली होती, पण साहेबांसमोर ती गिळून टाकायचं ठरवलं होतं. डॉक्टरांच्या तुळतुळीत डोक्यावर खिडकीतलं ऊन पडलं होतं. बोळात कुणीतरी खुसकन हसलं आणि मग कुणालाच आवरलं नाही. डॉक्टरांचा हात एकदा डोक्यावरून फिरला. ते हसले नाहीत, पण त्यांनी मूठ उघडून किल्ली ताईला दिली.

देता देता त्यांची नजर पडद्यावरच्या आकड्यांवर गेली आणि त्यांच्यातला डॉक्टर खडबडून जागा झाला. मुख्य प्रोसेसरचं तापमान एक्क्याऐंशी अंश होतं. रोज ते पंचेचाळीसच्या आत असे.

"हे काय?"

"हा खरा ताप," ताई म्हणाली. "चार दिवस मखमल पांघरलीये, हवा जायला जागा नाही. आणि गुरुजी, तुम्हाला एक विचारायचंय. यंत्रातलं काही न कळणारा माणूस सगळंच झाकतो. तुम्ही पडदा उघडा ठेवलात आणि नेमकी कळ मात्र झाकलीत. ती का?"

कंपनगुरूंनी डोळे मिटून घेतले. पण या वेळी ओशाळं कुणीच झालं नाही, सगळे उत्तराची वाट बघत राहिले. शेवटी त्यांनी डोळे उघडले, इथल्या लहरी दूषित आहेत असं सांगितलं आणि वाटी घेऊन काढता पाय घेतला. प्लास्टरवाल्याने कुबडी बाजूला घेऊन त्यांना वाट करून दिली. मखमल तिथेच राहिली, ती पुढे धुलाईवाल्या बायकांनी उशीला वापरली.

ताईने नवा ड्रायव्हर घातला आणि डॉक्टरांना कळ दाबायला सांगितलं. कार्डाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आली, लाल काही नाही. मग तिने सगळ्यांसमोर वायर उपटली. त्याबरोबर लाल ओळ आली: जोडणी तुटली.

"ही मात्र खरी," ती वायर परत लावत म्हणाली. "या ओळीला घाबरायचं आणि लगेच मला हाक मारायची. रोज अठ्ठेचाळीस खोट्या ओळींत ही एक हरवली असती. नाहीतर मखमलीखाली गेली असती. लाल दिसलं की आधी विचारायचं, कुणी कुणाला काय विचारलं, म्हणून हे उत्तर आलं? तेवढं विचारायला गुरू लागत नाही. मीही ते विचारायला दोन महिने लावले, माझंही चुकलंच."

खरंच, एवढंच आहे. आपण ज्याला कोप म्हणतो, छाया म्हणतो, कंपन म्हणतो, ते पुष्कळदा चुकीच्या प्रश्नाला मिळालेलं सरळ उत्तर असतं. भीती वाटली म्हणून लाजायचं कारण नाही. पण वाटी आणायला धावण्याआधी एकदा सूचनापत्राचं सतरावं पान वाचावं, आणि घरात तीस वर्षं काम केलेलं कुणी असेल तर त्यालाही विचारावं.

दर अर्ध्या तासाचा हुकूम रद्द झाला, आता दिवसातून एकदा बघायचं ठरलं. मोठ्या सिस्टरना डॉक्टरांनी शिक्षा म्हणून पुढचे सात महिने तळमजल्यावर बसवलं. पण त्या दुपारची पाळी अजून त्यांचीच होती. दोन वाजता त्यांनी दारावर परत लटकवलेला तक्ता हातात घेतला, पेन झटकून शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'तपासलं नाही', आणि खाली ठसठशीत सही केली.